भोकरदनचा निरोप

जालना जिल्ह्याच्या उत्तर अंगास, भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे जे गाव आहे, त्याचे नाव २३ सप्टेंबर १८०३ या ज्या दिवसामुळे इतिहासात राहिले, त्या दिवशी तेथे लढाई व्हावी असे इंग्रजांच्या मसलतीत मुळीच नव्हते. दोनच दिवसांपूर्वी, २१ तारखेस, बदनापूरच्या मुक्कामी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट होऊन असे ठरले होते की, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा ज्याअर्थी भोकरदनास उतरल्या आहेत, त्याअर्थी एकाने पूर्वेच्या आणि दुसऱ्याने पश्चिमेच्या वाटेने कूच करावे, व २४ तारखेस सकाळी दोघांनी मिळून त्यांच्यावर चालून जावे. परंतु २३ तारखेस, इंग्रजी कागदांत नौलनिया या नावाने येणाऱ्या मुक्कामावर वेलस्ली पोचतो न पोचतो तोच त्यास कळून चुकले की, मराठ्यांची छावणी तेथून अवघ्या तीन कोसांवर आहे आणि स्टीव्हन्सनची पलटण मात्र हाकेच्या अंतरावर कोठेही नाही.

छावणी भोकरदनास आहे अशी बातमी आणणारे हरकारे खोटे बोलले नव्हते. भोकरदन हे कसब्याचे नाव होते, तसेच ते आसपासच्या मुलखाचेही नाव होते. हरकाऱ्यांनी मुलखाचे नाव सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी ते गावाचे म्हणून घेतले, असा खुलासा वेलस्लीच्या पत्रव्यवहारात पुढे आला. ज्यांनी परगणा आणि कसबा यांची नावे एकच असलेला आपला मुलूख पाहिला आहे, त्यांना या घोटाळ्याचे नवल वाटणार नाही. बातमी खरी होती, वेळेवर पोचली होती, आणि तरीही ती काही कोसांनी चुकली होती, कारण जे सांगावयाचे ते ज्या शब्दावर लादले, तो शब्दच आपल्या रुंदीत एक गाव मावेल की एक परगणा, हे स्पष्ट करू शकत नव्हता.

त्यानंतर जे झाले ते प्रसिद्धच आहे. केळनेच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर दिसताच, ज्याअर्थी लोक दोहोंकडे राहतात त्याअर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क वेलस्लीने बांधला. तो खरा ठरला, आणि संध्याकाळपर्यंत विजय त्याच्या पदरात पडला, पण दीड हजारांहून अधिक माणसे ठार अथवा जखमी झाल्यावर. तोफांचा आवाज दूर स्टीव्हन्सननेही ऐकला होता आणि तो त्या रोखाने निघालाही होता. परंतु वाटाड्याने त्यास आधी भोकरदनास नेले, आणि असईस तो पोचला तो दुसऱ्या दिवशी, २४ तारखेच्या संध्याकाळी. वाटाड्याने जाणूनबुजून भुलविले असा संशय घेऊन स्टीव्हन्सनने पुढे त्यास फाशी दिले. मला स्वतःला असे वाटते की, ज्या शब्दाने दोन सेनापतींना चकविले त्याच शब्दाने त्या गरीब माणसासही चकविले असावे. परंतु त्याची रुजवात करण्याचे साधन तेव्हा कोणाजवळच नव्हते.

हा प्रसंग येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, ज्या विषयावर मला लिहावयाचे आहे, म्हणजे अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओसंदेशनात, ज्यास अल्ट्रा-वाइडबँड म्हणतात त्यात, संदेश लहरींवर चढविण्याच्या ज्या निरनिराळ्या पद्धती गेल्या काही दशकांत पुढे आल्या आणि ज्यांची आपसात मोठी स्पर्धा झाली, त्या सर्वांची कसोटी मला या भोकरदनच्या निरोपात दिसते. संदेश चढविण्याच्या या क्रियेस इंग्रजीवरून मॉड्युलेशन म्हणतात आणि आपल्या विज्ञानलेखनात विरूपण असा शब्द रूढ आहे. तो शब्द मला अन्वर्थक वाटतो. कारण मूळची लहर ही कोऱ्या कागदासारखी असते, तिच्या रूपात काही फरक केल्याखेरीज ती काहीच बोलत नाही.

आणि हा फरक करण्याच्या रीती आपल्या घराघरांत रेडिओच्या कितीतरी आधीपासून होत्या. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे गेला, जालना हे त्यावरील ठळक स्थानक झाले, आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. तारेतून कडकट्ट कडकट्ट असा जो नाद येई तो मोर्सच्या लिपीचा. परंतु खेड्यातल्या घरी तारेची लिपी वाचण्याची वेळच येत नसे. शिपाई तार घेऊन दारात उभा राहिला की कागद उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई, कारण तार येणे हाच निरोप होता आणि तार न येणे हीच खुशाली होती. ही झाली विरूपणाची पहिली आणि सर्वांत साधी रीत: स्पंद, म्हणजे ठोका, आहे की नाही, एवढ्यावरच अर्थ ठरावयाचा. पत्राची रीत याहून निराळी. कागद तोच, टपाल तेच, परंतु मंगलकार्याच्या पत्रास हळदकुंकवाची बोटे लागत आणि मृत्यूची वार्ता आणणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असे. दोन्ही वेळा पत्र येतेच, फक्त त्याची चर्या उलटी होते. देवळातल्या चौघड्याची रीत तिसरी. चौघडा तोच वाजतो, पण पहाटे वाजला तर काकडआरती आणि रात्री वाजला तर शेजारती, म्हणजे नादात काही नसून नाद कोणत्या वेळी झाला यातच सर्व काही. अस्तित्व, चर्या आणि वेळ या तीन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या, कारण अतिरुंद पट्ट्याच्या रेडिओचे बरेचसे भांडण या तिहींभोवती फिरते.

आता रुंदीची कथा. रेडिओचा जन्मच मुळी रुंद पट्ट्यात झाला, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. १८८७-८८ मध्ये जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ याने, आणि १८९५ मध्ये कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू यांनी, ज्या लहरी निर्माण केल्या त्या विद्युत्‌स्फुलिंगाच्या, म्हणजे ठिणगीच्या होत्या. बसूंनी तर त्या लहरींनी दूर अंतरावरची घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारूही पेटविली. ठिणगी म्हणजे क्षणभराचा तडाखा. आणि निसर्गाचा नियम असा की, कालात जे जितके आखूड तितके ते कंप्रतांच्या, म्हणजे फ्रीक्वेन्सींच्या, मुलखात रुंद पसरते. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपार जो संकेत पोचविला तोही ठिणगीचाच. परंतु समुद्रावर आणि किनाऱ्यावर अशी यंत्रे वाढू लागताच एकाची ठिणगी दुसऱ्याच्या कानात शिरू लागली. शेतांना बांध नसावेत आणि प्रत्येकाची गुरे मोकाट सुटावीत, तशी ती अवस्था झाली. तेव्हा कंप्रतांच्या जमिनीची मोजणी होऊन तिचे तुकडे पडले, प्रत्येकास आपापला चिंचोळा पट्टा परवान्याने मिळाला, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने ठिणगीच्या नव्या यंत्रांना मनाई करून जुन्यांनाही क्रमाक्रमाने निरोप देण्याची तजवीज केली. त्याच वर्षी आपल्याकडे खडकीस प्रेषक आणि दौंडास ग्राही अशी इंग्लंडशी बोलणारी जी बिनतारी केंद्रे सुरू झाली, ती या नव्या, बांधबंदिस्तीच्या युगातील होती.

निजामाच्या मुलखातही हैदराबादेचा रेडिओ पुढे बोलू लागला तो याच चिंचोळ्या पट्ट्यातून. मराठवाड्याच्या रेडिओस्मृतीत १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस ठळक आहे, कारण पाच दिवसांच्या लष्करी कारवाईनंतर, ज्या अवधीत औरंगाबाद आणि जालना ही ठाणी भारतीय सैन्याच्या हाती आली होती, निजामाची शरणागती त्याच मार्गाने लोकांच्या कानी पडली. येथे एक योगायोग नोंदविण्याचा मोह आवरत नाही. त्याच वर्षीच्या जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेतील बेल कंपनीच्या नियतकालिकात क्लॉड शॅनन याचा संदेशनाच्या गणितावरील प्रबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठवाड्याची सुटका त्या प्रबंधाच्या दोन भागांच्या मधल्या दिवसांत झाली. त्या गणिताने सिद्ध केलेल्या गोष्टींपैकी एक अशी की, पट्टा पुरेसा रुंद असेल तर शक्ती अत्यंत थोडी असूनही, किंबहुना संकेत भोवतालच्या गोंगाटाखाली बुडालेला असूनही, निरोप बिनचूक पोचविता येतो. हद्दपार केलेल्या ठिणगीस परत बोलाविण्याचे समर्थन त्या एका सूत्रात दडलेले होते.

ती परत आली, पण ठिणगी म्हणून नव्हे, तर मोजूनमापून घडविलेला स्पंद म्हणून. १९७३ मध्ये जेराल्ड रॉस यास अमेरिकेत अशा आखूड स्पंदांच्या संदेशनाचे एकस्व मिळाले. १९९० नंतरच्या दशकात रॉबर्ट शोल्ट्झ आणि मो विन यांनी स्पंदांच्या रेडिओचे गणित पक्के केले. आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झ एवढा विस्तीर्ण मुलूख या रेडिओस परवान्याविना मोकळा केला. मुख्य अट मात्र मोठी कडक होती: प्रत्येक मेगाहर्ट्झमागे उत्सर्जन उणे ४१.३ डीबीएमपेक्षा अधिक नसावे. हे प्रमाण सुमारे ७५ नॅनोवॉट होते, आणि सबंध साडेसात गिगाहर्ट्झचा मुलूख वापरला तरी एकूण शक्ती अर्ध्या मिलिवॉटच्या घरात राहते. मोकाट गुरांच्या जागी आता शेतकऱ्याच्या बांधास धक्का न लावता सर्वांच्याच रानावर सारखे पडणारे दव आले, असे म्हणता येईल.

या दवातून निरोप कसा पाठवावा, याची आता तुलना करू. पहिली रीत तारेची: एक सांगावयाचे तर स्पंद पाठवावा, शून्य सांगावयाचे तर गप्प बसावे. यंत्र अतिशय साधे होते, कारण ग्राहीने फक्त शक्ती आली की नाही एवढेच पाहावयाचे. परंतु गप्प बसणे आणि निरोप वाटेत हरवणे यांत भेद करता येत नाही, भिंतीवरून परतलेला आधीच्या स्पंदाचा पडसाद रिकाम्या जागेत शिरून शून्याचे एक करून टाकतो, आणि शून्ये लागोपाठ आली तर ग्राहीस काळाचे भानही राहत नाही. दुसरी रीत लहानमोठेपणाची, म्हणजे स्पंदाच्या उंचीत अर्थ ठेवण्याची. तिच्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दुरून आलेला मोठा आवाज आणि जवळून आलेला लहान आवाज सारखेच ऐकू येतात, हा तिचा दोष स्टीव्हन्सनने ऐकलेल्या तोफांपासून ठाऊक आहे.

तिसरी रीत चौघड्याची: स्पंद ठरलेल्या क्षणी आला तर शून्य, किंचित उशिरा आला तर एक. येथे दर वेळी स्पंद येतोच, तेव्हा मौनाचा घोटाळा नाही. परंतु हा उशीर एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्या मापाचा असल्यामुळे दोन्ही टोकांची घड्याळे अतिशय सूक्ष्म असावी लागतात, आणि घड्याळ जरा थरथरले की अर्थ बदलतो. चौथी रीत पत्राची: स्पंद सुलटा असेल तर एक, उलटा असेल तर शून्य. गणिताच्या दृष्टीने ही सर्वांत काटकसरीची, कारण सुलटा आणि उलटा यांत जास्तीत जास्त अंतर असते. तारेच्या किंवा चौघड्याच्या रीतीला जेवढी सरासरी शक्ती लागते तिच्या ढोबळमानाने निम्म्या शक्तीत ही तेवढीच खात्री देते. शिवाय तिचा एक गुण असा की, जो सहज लक्षात येत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र निर्णायक ठरतो. नियमित अंतराने एकसारखे स्पंद सोडले की त्यांची शक्ती सर्वत्र सारखी न पसरता ठरावीक कंप्रतांवर सुळक्यांसारखी उभी राहते, आणि आयोगाची मर्यादा त्या सुळक्यांपाशी आधी ओलांडली जाते; सुलटे-उलटे स्पंद बेहिशेबी मिसळले की हे सुळके एकमेकांस खोडून टाकतात आणि दव पुन्हा सपाट होते. तारेच्या आणि चौघड्याच्या रीतींना मात्र सुळके बुजविण्यासाठी स्पंदांच्या वेळा सांकेतिक क्रमाने मागेपुढे उडवीत राहण्याची निराळी युक्ती करावी लागते. उलट्या स्पंदाच्या रीतीस किंमत पडते ती ग्राहीकडे: स्पंद उलटा की सुलटा हे ओळखण्यासाठी त्याच्या स्वरूपाचे पूर्ण ज्ञान ठेवावे लागते आणि यंत्र महाग होते.

खरी झुंज मात्र यांत झाली नाही. ती झाली उलट्या-सुलट्या स्पंदांचे लांब सांकेतिक क्रम वापरणारा पक्ष आणि स्पंदांची कल्पनाच सोडून देणारा पक्ष यांत. दुसऱ्या पक्षाने आयोगाच्या मुलखाचे ५२८ मेगाहर्ट्झचे १४ तुकडे केले, एकेका तुकड्यात १२८ बारीक वाहक लहरी एकदम चालविल्या, आणि तुकड्यातुकड्यांवरून उड्या मारीत सेकंदास ४८० मेगाबिट नेण्याचे वचन दिले. इंटेल आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या पक्षात होत्या, तर मोटोरोलातून निघालेली फ्रीस्केल पहिल्या पक्षात. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीत कोणत्याही एका पक्षास आवश्यक ती ७५ टक्के मते मिळेनात. बैठकांवर बैठका झाल्या, आणि जानेवारी २००६ मध्ये समितीने आपले कामच आटोपते घेतले. बारीक लहरींच्या पक्षाने स्वतंत्रपणे मानके काढली, संगणकाच्या तारा नाहीशा करणारी काही यंत्रेही बाजारात आणली; परंतु तोवर वायफायचा वेग वाढत गेला होता आणि त्या यंत्रांची कोणास गरज उरली नाही. दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांची बुद्धिमत्ता आणि निष्ठा निःसंशय मोठी होती, आणि तरीही त्यांच्या वादाचा विषय, म्हणजे अधिकाधिक वेगाने अधिकाधिक शब्द कसे न्यावेत, हाच मला चुकीचा वाटतो. रुंदीचे खरे दान वेगात नव्हतेच.

ते दान ओळखले दुसऱ्या एका, फारशा गाजावाजाविना काम करणाऱ्या समितीने, जिचे मानक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिने वेग मुद्दाम उतरविला, सक्तीचा दर सेकंदास एक मेगाबिटच्याही आतच ठेवला, आणि विरूपणाच्या दोन रीतींचा असा संगम केला की तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. स्पंदांचा एक छोटा झुबका आधीच्या जागी ठेवावयाचा की नंतरच्या, यात एक अक्षर. आणि तो झुबका सुलटा की उलटा, यात दुसरे. ज्याच्याकडे साधे, स्वस्त यंत्र आहे त्याने चौघडा ऐकावा, फक्त वेळ पाहावी आणि तेवढाच अर्थ घ्यावा. ज्याच्याकडे जाणते यंत्र आहे त्याने त्याच झुबक्यातून कुंकू की फाटका कोपरा तेही वाचावे. एकच पत्र अडाण्यास आणि पंडितास आपापल्या मगदुराप्रमाणे वाचता यावे, अशी ही योजना.

पण समितीचे मुख्य ध्येय पत्र नव्हते, ठिकाण होते. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. या मानकाचा ४९९.२ मेगाहर्ट्झ रुंदीचा स्पंद सुमारे दोन नॅनोसेकंदांचा असतो. आणि त्या स्पंदाचा अगदी पहिला चढ पकडता आला तर अंतर वितीच्या आत सांगता येते. एकाने विचारावयाचे, दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे, आणि जाण्यायेण्याच्या काळातून मधले अंतर काढावयाचे. २०१९ पासून भ्रमणध्वनींत आणि त्यानंतर मोटारींच्या किल्ल्यांत हा स्पंद शिरला तो याच कामासाठी. चिंचोळ्या पट्ट्याच्या लहरीला हे जमत नाही, कारण तिचा एकेक ठोका इतका लांब पसरलेला असतो की सरळ आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर तिच्यात एकमेकींत विरघळून जातात. भोकरदन या शब्दात कसबा आणि परगणा विरघळले होते, तशाच.

आज जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत सळई बनविणारे पोलादाचे कारखाने आहेत, आणि अशा लोखंडाने भरलेल्या जागेइतकी रेडिओस कठीण जागा दुसरी नाही. तेथे प्रत्येक खांब, प्रत्येक गंज, प्रत्येक यारी लहर परतविते, आणि मधे काही आड आले की पडसाद मूळ आवाजाहून मोठा होऊन येतो. नुसती शक्ती मोजणारा ग्राही तेथे मोठ्या आवाजाच्या मागे धावतो आणि फसतो. आखूड स्पंदाचा ग्राही मात्र प्रत्येक पडसाद वेगळा वेगळा पाहतो, आणि त्यांतला मोठा कोणता याचा विचार न करता पहिला कोणता तेवढेच शोधतो. पहिला कितीही क्षीण असला तरी, सरळ वाट अगदीच बंद नसेल तर, त्या वाटेने आलेला तोच असतो.

या विद्येत एक प्रश्न बरीच वर्षे राहून गेला होता. पडसादामुळे होणारी चूक ही प्रामाणिक चूक असते. परंतु कोणी मुद्दाम खोटा स्पंद आधी पाठवून दूरचे यंत्र जवळ आहे असे भासविले तर काय करावे? मोटारीच्या किल्लीच्या बाबतीत हा प्रश्न चोरीचा होतो. २०२० मध्ये निघालेल्या सुधारित मानकाने त्यावर असा उपाय केला की, अंतर मोजण्याचे स्पंद सुलटे-उलटे अशा एका गुप्त, दर वेळी बदलणाऱ्या क्रमाने जावेत, तो क्रम फक्त त्या दोघांना ठाऊक असावा, आणि ज्या स्पंदाचा क्रम जुळत नाही त्याची साक्ष मानू नये. वाट चुकलेला कोण आणि वाट चुकविणारा कोण, याचा निवाडा आता यंत्रास करता येतो. २४ सप्टेंबर १८०३ च्या संध्याकाळी असईस उशिरा पोचलेल्या स्टीव्हन्सनपुढे वाटाड्या उभा होता, त्याच्याजवळ भोकरदन या एका शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता.